पाळीपाळीने चोर

आमच्या तालुक्यात असं एकही घर नाही, ज्याला आमच्या सरांनी एकदा तरी चोर ठरवलेलं नाही, आणि त्यावरून सरांशी कायमचं बोलणं टाकलंय असंही एक घर नाही. यातल्या पहिल्या विधानाला दोन अपवाद आहेत. त्यातला एक सांगायला मला अभिमान वाटतो आणि दुसरा सांगायला लाज वाटते, म्हणून दोन्ही जरा उशिरा सांगेन. आधी सरांबद्दल.

आमचं लॉ कॉलेज माणगाव आणि समुद्र यांच्या मध्ये कुठेतरी आहे. माणगावच्या लोकांना ते दिवेआगरकडे आहे असं वाटतं, दिवेआगरच्या लोकांना ते माणगावात आहे असं वाटतं, आणि दोन्हीकडची मुलं त्या सबबीवर उशिरा येतात. मी तिथे बावीस वर्षं ग्रंथपाल आहे. पुस्तकं द्यायची-घ्यायची, पंखे बंद करायचे आणि मराठी टायपिंग येणारं दुसरं कुणी नसल्यामुळे कॉलेजच्या सगळ्या चाचण्यांचे पेपर टाइप करायचे, हे माझं काम. सगळे मला नुसतं 'बाई' म्हणतात, त्यामुळे माझ्या आडनावाची कधी कुणाला गरज पडत नाही. सर गुन्ह्यांचा कायदा शिकवायचे. बेताची उंची, खणखणीत आवाज, शर्टाच्या खिशात चार रंगांची चार पेनं आणि काखेत कायम एक लांबलचक रजिस्टर. पहिल्या वर्षाच्या मुलांना ते हजेरीचं वाटायचं. पण ते हजेरीचं नव्हतं, चोरांचं होतं.

कायद्याच्या परीक्षेत उदाहरणं घालतात. अमक्याने तमक्याची सायकल नेली, वाटेत मन बदललं म्हणून परत आणून ठेवली, तर चोरी झाली का, कारणं द्या. पुस्तकात या दोघांना 'अ' आणि 'ब' म्हणतात. सरांचं म्हणणं असं की 'ब'ची सायकल गेली याचं पृथ्वीतलावर कुणालाही वाईट वाटत नाही, त्यामुळे मुलं कारणंही मनापासून देत नाहीत. म्हणून ते नावं घालायचे. सुरुवातीला त्यांनी एका जुन्या प्रश्नसंचातली नावं तशीच उचलली होती. एकदा वर्गात असंच एक उदाहरण वाचून दाखवताना त्यातल्या चोराचं नाव फैयाज निघालं, आणि सगळ्या माना एकदम तिसऱ्या बाकावर बसलेल्या फैयाजकडे वळल्या. फैयाज हसला. सर मला नंतर म्हणाले, "तो रागावला असता तर मी माफी मागून मोकळा झालो असतो, बाई. पण तो सवय असल्यासारखा हसला." त्या दिवशी सरांनी अख्खा प्रश्नसंच तपासला. मालक कायम जोशी नाहीतर देशपांडे, चोर कायम गण्या, बाळ्या किंवा फैयाज, आणि बायका फक्त मंगळसूत्र हरवण्यापुरत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याकडून एक कोरं रजिस्टर मागून घेऊन गेले.

त्यात त्यांनी रकाने आखले. चोर, मालक, साक्षीदार, फौजदार, वकील, न्यायाधीश. डाव्या हाताला तालुक्यातली आडनावं, आणि समोर कुणाची पाळी कधी येऊन गेली त्याच्या रंगीत खुणा. नियम असा की ज्याला चोर केलं त्याला वर्षाच्या आत न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवायचंच. त्यामुळे आमच्या पेपरांत पापलेट चोरणारे जोशी असायचे, त्यांना पकडणाऱ्या फौजदार शेख मॅडम आणि निकाल देणारे न्यायमूर्ती म्हात्रे. एकदा बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी चहा पिता पिता विचारलं की तुमच्याकडे जोशी मंडळी फार मासे चोरतात का. सरांनी रजिस्टर उघडून त्यांना दाखवलं की यंदा त्यांची पाळी आहे, पुढच्या वर्षी ते जामीन देणार आहेत. परीक्षकांनी दुसरा चहा घेतला नाही.

ही गोष्ट गावात फुटायला कितीसा वेळ लागणार? मुलं घरी जाऊन सांगायची की आज आपण चोर होतो. मग लोक कॉलेजात यायचे. एक कोळीणबाई टोपली दाराशी ठेवून तरातरा आत आल्या आणि त्यांच्या आडनावाच्या माणसाला सरांनी तीन नारळ चोरायला लावले म्हणून त्यांनी सरांना फैलावर घेतलं. चोरीबद्दल त्यांची तक्रार नव्हती, नारळांबद्दल होती. "तीन नारलांसाठी चोरी कराया आमी काय भिकारी हाव? चोरायाचाच हुता तर ट्रॉलर चोरायाचा." सरांनी चूक कबूल केली आणि पुढच्या चाचणीत खरोखरच ट्रॉलर चोरीला गेला. बाजारातल्या एका गुजराती शेठजींना चोर व्हायला हरकत नव्हती, पण चोरी करून इतके महिने झाले तरी आपण अजून न्यायाधीश झालो नाही हे त्यांच्या मनाला लागलं होतं. सर त्यांना शांतपणे सांगायचे की तुमचा नंबर मार्चमध्ये लागतो. शेठजी मार्चमध्ये पेढे घेऊन आले. आणि ज्या वर्षी वादळाने दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या झोपवल्या, त्या वर्षी सरांनी तिकडची सगळी आडनावं चोरांच्या रकान्यातून काढून मालकांच्या रकान्यात टाकली. "त्यांचं खूप गेलंय. आणखी त्यांनाच चोर कुठे करता," असं ते म्हणाले. त्यांचं स्वतःचं घरही तिकडचंच, पण त्यांनी स्वतःचं आडनाव मात्र चोरांतच राहू दिलं, कारण पाळी आली होती.

सरांची हजेरी घेण्याचीही तऱ्हा होती. कायम वरून सुरुवात केली तर शेवटचा जन्मभर शेवटचाच राहतो, म्हणून ते एक दिवस वरून आणि एक दिवस खालून नावं घ्यायचे. शनिवारी हजेरी तासाच्या शेवटी असायची, तेव्हा जो सर्वात लांबून येतो त्याच्यापासून सुरुवात करायचे, म्हणजे त्याला शेवटची एसटी गाठता यावी. कलमं त्यांना पाठ होती, पण एसटीचं वेळापत्रक त्याहून जास्त पाठ होतं. चाचणीची तारीख ठरवायची तर ते महिनाभर आधी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून पेनं घेऊन बसायचे. लावणीचे दिवस नकोत, मुलं शेतावर असतात. नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात उतरतात, तेव्हाही नको. रमजानात तर नकोच. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बौद्धवाडीतली मुलं मुंबईला जातात. गणपतीत नको, हे तर कोकणात सांगायलाही लागत नाही. एके वर्षी अशा रंगीबेरंगी फुल्या मारता मारता सबंध सत्रात परीक्षेला एकच मंगळवार उरला. प्राचार्य मॅडमनी कपाळाला हात लावला, पण तारीख जाहीर झाली. त्या मंगळवारी सगळी मुलं वेळेवर हजर होती. सर तेवढे नव्हते, कारण त्यांच्या मुलीचा साखरपुडा होता. अख्ख्या तालुक्याला विचारून झालं होतं, बायकोला विचारायचं राहिलं होतं. त्या दिवशी सगळे पोट धरून हसलो. सरांच्या हातून काय राहून जातं याचा तो नमुना होता, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आता पहिला अपवाद. सुरेखा हिलम माणगावच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका कातकरी वाडीतून यायची. तिच्या वाडीतली पदवीपर्यंत पोचलेली ती पहिलीच, आणि लॉला येणारी तर आसपासच्या सगळ्या वाड्यांत पहिली. वर्गात खिडकीजवळ बसायची आणि तोंडातून शब्द काढायची नाही. ग्रंथालयात मात्र माझ्याशी चार शब्द बोलायची. अक्षर मोत्यासारखं, आणि तिने परत केलेल्या पुस्तकात कुठे दुमडलेला कोपराही सापडायचा नाही. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर ती तीन पुस्तकं आणि एक फॉर्म घेऊन आली. फॉर्म कॉलेज सोडण्याचा होता. त्यावर माझी सही आणि ग्रंथालयाचा शिक्का लागतो. मी विचारलं, घरी काही अडचण आहे का, तर नाही म्हणाली. कुणी काही बोललं का, तर म्हणाली, "कुनी काय बी बोलत न्हाय." मी शिक्का शोधायला लागले. तो माझ्या डाव्या हाताखालीच होता, पण मी सगळे खण उघडले, कपाट उघडलं, आणि शिपायाला सरांकडे पिटाळलं.

सर धापा टाकत आले. फॉर्म वाचला आणि खुर्चीत बसले. त्यांना वाटलं वर्गात कुणीतरी तिला लागेल असं बोललं असणार, आणि निदान त्यांच्या विषयात तरी तसं घडलेलं नाही हे तिला पटवून द्यायला त्यांनी रजिस्टर उघडलं. मोठ्या विश्वासाने तिला म्हणाले, बघ, इतक्या वर्षांत तुमच्या लोकांना मी एकदाही चोर केलेलं नाही, पाळीच येऊ दिली नाही. पोलीस तुम्हाला उगीचच कसे धरतात ते मला ठाऊक आहे, त्यात माझी भर नको. सुरेखाने ते रजिस्टर पहिल्यांदाच जवळून पाहिलं. पानं उलटली. मग रकान्यांवर बोट ठेवून विचारलं, "मालक तरी केलंत का, सर?"

सरांनी पानं उलटली. मालकांत हिलम नव्हते, की मुकणेंसारखं दुसरं कातकरी आडनावही नव्हतं. साक्षीदारांत नव्हते. फौजदार, वकील, न्यायाधीश यांचा तर प्रश्नच नव्हता. चोराला पळताना पाहणारा एक वाटसरू त्यांच्या उदाहरणांत नेहमी असायचा, तोसुद्धा कधी कातकरी नव्हता. चोर करायचं नाही म्हणून सरांनी ती आडनावं डावीकडच्या यादीतच घेतली नव्हती, आणि यादीतच नाहीत म्हटल्यावर ती बाकीच्या रकान्यांत येणार कुठून? सरांनी चारही पेनं खिशातून काढून टेबलावर ठेवली. इतकी वर्षं मीही ते पेपर टाइप करत होते, आणि मलाही ते कधी दिसलं नव्हतं. याची मला आजही शरम वाटते.

सुरेखा रागावली नव्हती. ती हळूच म्हणाली, "कुठंबी चोरी झाली का पोलीस पयले आमच्या वाडीवर येत्यात. आन तुमच्या वहीत आमी कुठंच न्हाय. मंग आमी हाव तरी कुठं, सर?"

सरांनी तिला काही समजावलं नाही, थोपवलंही नाही. फक्त पेन उघडून विचारलं की तुमच्याकडून काय चोरीला जाईल असं लिहू. विचारलं आणि स्वतःचाच प्रश्न ऐकून कानापर्यंत लाल झाले. सुरेखा पहिल्यांदाच खुदकन हसली आणि म्हणाली, आईच्या नऊ कोंबड्या आहेत, त्या लिहा. सरांनी मालकाच्या रकान्यात लिहिलं, हिलम. वस्तू, नऊ कोंबड्या. चोराच्या रकान्याशी ते थबकले, आणि मग तिथे त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. तिला म्हणाले, महिन्याभराने अभिरूप न्यायालय आहे, म्हणजे आपला तो खोटा खटला, त्यात हाच चालवू. तू सरकारी वकील. त्यानंतरही जावंसं वाटलं तर जा, बाईंचा शिक्का तोवर सापडेल.

महिनाभर सुरेखा ग्रंथालयात ठाण मांडून होती. खटल्याच्या दिवशी वर्गातले बाक सरकवून कोर्ट मांडलं. प्राचार्य मॅडम न्यायाधीश झाल्या, आरोपीच्या पिंजऱ्याच्या जागी टेबल उलटं केलं आणि त्यात सर उभे राहिले. एवढ्यात टेंपो भरून सुरेखाच्या वाडीवरच्या बायका आल्या. त्यांच्यापर्यंत बातमी अशी पोचली होती की कॉलेजातल्या एका सरांनी खरोखरच सुरेखाच्या आईच्या कोंबड्या पळवल्या आणि आज त्यांच्यावर केस आहे. एकीने सरांना खालून वर न्याहाळलं आणि शेजारणीला म्हणाली, "दिसतो तर बरा." सरांनी ते ऐकलं आणि खाली मान घातली.

मॅडमनी आरोप वाचला आणि विचारलं, गुन्हा कबूल आहे का. इथे 'नाही' म्हणायचं, हे पहिल्या वर्षाचं पोरही जाणतं, कारण 'नाही' म्हटल्याशिवाय खटलाच उभा राहत नाही. पण सर महिनाभर त्या रजिस्टरचं ओझं मनावर घेऊन फिरत होते. ते म्हणाले, "कबूल."

सगळे गार. आरोपीनेच कबुली दिली म्हणजे आता शिक्षा सुनावून घरी जायचं. महिनाभराची तयारी, टेंपोतून आलेल्या बायका, सगळं दोन मिनिटांत आटोपणार होतं. मॅडम सरांकडे डोळे वटारून पाहत होत्या. सुरेखाचे कागद टेबलावर पडलेले होते आणि ती त्यांच्याकडे पाहत होती. मला वाटलं, आता ही खाली बसणार, आणि परत कधी उभी राहणार नाही.

ती उभीच राहिली. म्हणाली, "ही कबुली कोर्टानं घेऊ नये." आणि मग जी बोलायला लागली ती थांबेना. कबुली स्वीकारायचीच असं कोर्टावर बंधन नाही. आरोपी भावनेच्या भरात बोलतोय, आपल्यावर नेमका कोणता आरोप आहे हे त्याला नीट कळलेलं दिसत नाही, त्याच्या मनावर दुसऱ्याच कशाचं तरी दडपण आहे. आधार म्हणून तिने निवाडे दिले, आणि मध्येच वाडीवरच्या बायकांना कळावं म्हणून तेच घरच्या बोलीत सांगितलं. आरोपीने गुन्हा नाकारावा म्हणून सरकारी वकील जिवाचं रान करतेय, असा खटला जगात दुसरीकडे कुठे झाला असेल असं मला वाटत नाही. शेवटी ती सरांकडे वळली. "चूक कबूल केली का सुटलो, असं न्हाय सर. उभं रावा. आमचं म्हननं आधी पुरं ऐका."

मॅडमनी कबुली फेटाळली. खटला दुपारभर चालला. सुरेखाने सरांना पुराव्यांनिशी दोषी ठरवलं, आणि कोर्ट उठेपर्यंत उभं राहण्याची शिक्षा सरांना झाली. तसे ते सकाळपासून उभेच होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते रुमाल शोधत होते. जाताना वाडीवरच्या त्या बाईने त्यांना दम दिला, पन्हा आमच्या वाडीकडं फिरकू नको. संध्याकाळी सुरेखा ग्रंथालयाच्या दारातून डोकावली.

"बाई, शिक्का घावला का?"

मी नाही म्हणाले.

"मंग नका शोधू," ती म्हणाली आणि बस गाठायला गेली.

ती पास झाली, सनद घेतली, आता तालुक्याच्या कोर्टात वकिली करते आणि शनिवारी आमच्याकडे एक तास शिकवते. कायद्याची सगळी कलमं बदलली त्याच वर्षी सर निवृत्त झाले. बाकीचे मास्तर नवे आकडे पाठ करून हैराण झाले होते, पण सरांचं म्हणणं, चोर तेच आहेत, फक्त त्यांचे घर नंबर बदललेत. जाताना रजिस्टर त्यांनी ग्रंथालयाला दिलं. दाखल करून घ्यायचं म्हणून मी ते पहिल्या पानापासून पाहिलं, आणि आता मला दुसऱ्या अपवादाकडे यावंच लागतं. माझं आडनाव खांबेटे. तालुक्यात आमची तीनच घरं, त्यामुळे 'चोर खांबेटे' म्हटलं की कोण ते शोधायला पोलिसांची गरज नव्हती. चोरांच्या रकान्यात आमची पाळी आली की मी टाइप करताना गुपचूप दुसरं आडनाव घालायचे. इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही, असं मी समजत होते. रजिस्टरात प्रत्येक वेळी खांबेटे या नावापुढे, बारीक पेन्सिलने, सरांच्या हातचं लिहिलेलं होतं, "बाईंनी बदललं. असू दे."

यंदाच्या चाचणीचा पेपर सुरेखाने हाताने लिहून पाठवला. त्यातलं तिसरं उदाहरण असं: 'एका विद्यार्थिनीने सहीसाठी दिलेला अर्ज ग्रंथपाल खांबेटे यांनी शिक्का सापडत नसल्याची खोटी सबब सांगून परत केला नाही व स्वतःच्या खणात ठेवून दिला. त्यांनी कोणताही गुन्हा केला का? कारणे द्या.' खाली कोपऱ्यात माझ्यासाठी एक ओळ होती, "बाई, या खेपेला बदलू नका." मी खण उघडून पाहिला. फॉर्म जागेवरच होता. मग मी आमचं आडनाव टाइप केलं, जसंच्या तसं.

रविवारी मी पेपर घेऊन दिवेआगरला सरांकडे गेले. वादळानंतर लावलेल्या पोफळी आता डोक्याच्या वर गेल्यात. सरांच्या डोळ्यांनी मात्र दगा दिलाय, लहान अक्षर त्यांना दिसत नाही, म्हणून मीच वाचून दाखवलं. तिसरं उदाहरण संपल्यावर त्यांनी चोराचं नाव पुन्हा वाचायला सांगितलं. मी वाचलं. त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला. खिशात आता एकच पेन असतं. रजिस्टर जवळ नव्हतं, म्हणून त्यांनी माझ्या हातातला पेपर घेतला, डोळ्यांजवळ नेला, आणि समासात वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, "बाईंनी बदललं नाही."